निळ्या नाखव्याचा दावा

२ जुलै, दिघी

सिद्ध काय करायचे ते आधी लिहितो. ‘निळा नाखवा’ या चित्रकथेवरून तयार झालेला व्हिडिओ गेम हे मूळ कथेचे रूपांतर नसून तिचे खंडन आहे. प्रतिज्ञा ही. पुरावा पुढे तारखेवार येईल. पस्तीस वर्षे श्रीवर्धनच्या कोर्टात हाच क्रम पाळला, आता मोडण्याचे कारण नाही.

प्रसंग असा. येसाजीमास्तरांनी म्हसळ्यात बसून, एकट्याने चितारून, नाखव्याचे बेचाळीस अंक काढले. मास्तर गेले. हक्क आता त्यांच्या कन्येकडे, माणगावच्या हेमांगीबाईंकडे आहेत. पनवेलच्या एका लहान कंपनीने गेम केला आहे. बाईंची मंजुरी मिळाली तर दिवाळीत बाजारात येईल, न मिळाल्यास येणार नाही. बाईंचा काल फोन — “काका, मला त्या गेममधलं ओ की ठो कळत नाही. बाबांच्या नाखव्याला तुमच्याइतकं कुणी ओळखत नाही. तुम्ही म्हणाल ते.” सत्तावीस तारखेला माणगावात बैठक आहे. तिथे माझे मत ऐकून त्या निर्णय देणार.

अडचण एक. गेमची कथा माझ्या नातीने, मुलाच्या, विनेशच्या प्राप्तीने लिहिली आहे. तिची चार वर्षे त्यात गेली. हे मी बाईंना स्पष्ट सांगितले. त्या म्हणाल्या, “म्हणून तर तुम्ही. तुम्ही घरच्यालाही सोडायचे नाहीत.” वकील म्हणून प्रकरण नाकारायला हवे होते. नाकारले नाही. माझ्याखेरीज सगळे अंक कोणी वाचले आहेत?

बायकोला, केसरला सांगितले. तिने मासळीचा हात तसाच कपाळाला लावला — “नातीवर दावा लावनारा पयला वकील तुमीच!”

३ जुलै

नाखव्याचा नियम नोंदवतो. सगळा दावा त्यावर उभा आहे.

सदा हा साधा खलाशी. दर्या त्याला निळे अंग देतो, लाटेचे बळ देतो. अट एकच — बंदीच्या दिवसांत, आषाढ लागल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत, होडीची गाठ सोडायची नाही. सतराव्या अंकात ऐन आषाढात शेजारगावची होडी खडकावर फुटते. सारा गाव त्याच्याकडे बघतो. तो सोडू शकतो. सोडत नाही! नऊ चौकटींचे एक पान आहे, त्यात अक्षर नाही — गाठ, गाठीवर हात, हाताची बोटे, पुन्हा गाठ. पान उलटल्यावर सदा साध्या माणसाच्या अंगाने किनाऱ्यावरून दोर फेकतो आणि गावाला सोबत घेऊन बुडणारे ओढून काढतो. तळहात सोलून निघतात.

परदेशी अतिमानवांच्या चित्रकथाही मी पुष्कळ वाचल्या. रेखाटन उत्तम. पण त्यांचा नायक मरतो आणि तीन अंकांत परत येतो. शपथ घेतो आणि पुढच्या लेखकाच्या हाती ती सुटते. ज्या नायकाला काहीच वर्ज्य नाही त्याच्याविषयी मला काळजी कशी वाटावी? नाखव्याची वाटायची. आजही वाटते.

५ जुलै

कंपनीने पाठवलेली चाचणीची प्रत दुपारी यंत्रावर चढवली. यंत्र प्राप्तीचेच, जुने. कॉलेजात असताना तिने इथे ठेवले होते. त्यावर मी याआधी तीन-चार परदेशी गेम खेळलो आहे. अंगठे दुखतात. चालायचे.

पहिलाच प्रसंग — धक्का, आषाढाचे आभाळ, बांधलेली होडी, समोर सदा. दूर समुद्रात कुणाची तरी हाक. पडद्यावर खाली अक्षरे येतात : ‘गाठ सोडा’. शेजारी बटणाची खूण.

गेम मला अडवतो की नाही हे पाहणे आवश्यक होते. बटण दाबले. अडवले नाही! गाठ सुटली, होडी निघाली, सदा निळा झाला आणि बळाची पट्टी काठोकाठ भरली. ऐन आषाढात!

पुरावा पहिला. याउपर दुसऱ्याची गरज नाही. तरी गोळा करीन.

६ जुलै

पुन्हा तेच आठवून चीड येते. तेही आरंभीच!

९ जुलै

निःपक्षपाताने लिहायचे तर हाणामारी चांगली आहे. लाट उचलून फेकण्यात वजन जाणवते. परदेशी गेममध्ये अतिमानव बहुधा कापसाचे असतात — भिंतीवर आदळतात आणि भिंतीलाही काही होत नाही. इथे पाणी पाण्यासारखे वागते. ते श्रेय कंपनीचे.

दोष मात्र मूलगामी आहेत.

एक, रंग. मास्तरांच्या छपाईत निळा ठसा नेहमी जरासा उजवीकडे सरकायचा. प्रत्येक अंकात नाखव्याचा निळा रेघेच्या बाहेर सांडलेला असतो. ती चूक होती. पुढे तीच नाखव्याची ओळख झाली. गेममधला निळा रेघेच्या आत काटेकोर बसला आहे, आणि निळाही नव्हे — राखाडी. जणू कुणी दहा वेळा धुतला.

दोन, गावकरी. नाखवा पराक्रम करून किनाऱ्याला येतो तर माणसे तोंड फिरवून आपापल्या कामाला लागतात. एकही पात्र त्याला नावाने हाक मारत नाही. चित्रकथेत पानोपानी “अरे सद्या!” आहे. पात्ररचना कच्ची, असे नोंदवले.

तीन, बक्षिसांचा सुकाळ. प्रत्येक वळणावर शिंपला उचला, बळ वाढवा, नवे हत्यार घ्या. गेम करणाऱ्यांना खेळाडू म्हणजे तान्हे मूल वाटते, सतत खुळखुळा हवा. चित्रकथेत दोन चौकटींच्या मधली कोरी जागा वाचकाच्या हवाली केलेली असते, तिथे तो स्वतः काही करतो. गेममध्ये ती जागा कुठे आहे? मला दिसली नाही.

केसर मागे उभी राहून बघत होती. “अंगठं मोरून घेतलंव तरी सरकारी दवाखान्यात मी न्हाय येनार!”

१३ जुलै

प्राप्ती आगरदांड्याहून बोटीने आली. भिजलेली. आल्या आल्या आजीच्या ताटावर बसली. माझ्याकडे पाहिले नाही. जेवण झाल्यावर समोर आली. संवाद आठवतो तसा लिहितो.

“किती खेळलात?”

“निम्म्याहून अधिक.”

“आणि?”

मी तिन्ही दोष वाचून दाखवले, आणि मुख्य आक्षेप सांगितला — गेम बंदी मोडू देतो. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाली, “आजोबा, तुम्हाला मत विचारलंय. चार्जशीट नाही.”

“आरोप खोटा आहे का?”

“नाही.”

“मग?”

“होडी कुणी सोडली?”

मी म्हणालो, खेळाडूने.

“खेळाडू म्हणजे कुणी?”

“प्राप्ती, उलटतपासणी मला शिकवू नकोस. प्रश्न गेमच्या रचनेचा आहे. जे करायला अटकाव नाही त्याला रचनेने अनुमती दिली, असाच अर्थ होतो.”

ती उठली. “परत पहिल्यापासून खेळा. एकदाच. काही न ठरवता.”

मी नकार दिला. एकदा नोंदवलेली साक्ष पुन्हा पुन्हा नोंदवू लागलो तर हवा तो निकाल लागेपर्यंत नोंदवता येते. हेही तिला सांगितले.

“माझ्या जागी दुसऱ्या कुणी गेम केला असता तर तुम्ही परत खेळला असतात,” ती म्हणाली. “मी नात आहे ना, म्हणून मला दुप्पट शिक्षा. तुमचं नाव स्वच्छ राहायला हवं.”

संध्याकाळच्या बोटीने परत गेली. राहणार होती.

१४ जुलै

ती जे बोलली तो युक्तिवाद नव्हता. वकिलाच्या हेतूवर हल्ला होता. तरीही त्याची नोंद ठेवतो.

१९ जुलै

गेम संपवला. शेवट — नाखवा सगळ्या शत्रूंना हरवून परत येतो. पौर्णिमेचा दिवस. धक्क्यावर चिटपाखरू नाही. तो राखाडी अंगाने उभा राहतो आणि पडदा काळा होतो. विजयाचे वाद्य नाही, काही नाही.

नोंद : शेवट अपुरा. काम वेळेत न झाल्याची खूण.

चित्रकथेतली प्रत्येक पौर्णिमा मला पाठ आहे. गाव धक्क्यावर लोटलेला असतो, सदा नारळ सोडतो, मग गाठ सोडतो. मास्तर त्या एका चौकटीला अख्खे पान देत.

२२ जुलै

अहवाल सुवाच्य लिहून काढला. वाचून पाहिला. कुठे फट नाही.

मग झोप का नाही?

स्वतःला एक प्रश्न : चित्रकथेचा गेम मुळात होऊ शकतो का? मला वाटते होऊ शकतो. पण तो चित्रांचा असून चालणार नाही, नायकाच्या अटीचा असावा लागेल. परदेशी गेम नायकाचे कपडे, आवाज, शहर सगळे हुबेहूब आणतात; अट आणत नाहीत, कारण अट आणली तर बटण कुठले द्यायचे? न करण्याला बटण नसते.

हे वाक्य अहवालात घातले. चांगले आहे.

२७ जुलै, माणगाव

बैठक हेमांगीबाईंच्या घरी. कंपनीचा मालक रितेश, प्राप्ती, बाई आणि मी. महामार्गावरच्या गाड्यांच्या आवाजाने खिडकी लावून घेतली होती, आत उकाडा.

रितेशने आधी मांडले. लाटा, वेग, किती तरुणांनी चाचणीत वाखाणले, कशी मजा आली. नियमाविषयी तो अक्षर बोलला नाही. त्याला नियम आहे हे ठाऊक असावे असेही दिसले नाही.

मग मी. अर्धा तास. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण. सतरावा अंक सोबत नेला होता, नऊ चौकटींचे पान उघडून बाईंच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी त्यावरून बोट फिरवले. “हे काढताना बाबा आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते,” म्हणाल्या.

शेवटचे वाक्य मी म्हणालो : “हा गेम निळ्या नाखव्याचा नाही. ज्याने बंदीत गाठ सोडली तो कोणीही असू शकेल. आपला सदा नसेल.”

बाई प्राप्तीला म्हणाल्या, “बाळ, तुला काही बोलायचंय?”

प्राप्ती माझ्याकडे पाहून बोलली. “एकच. एकदा तुम्ही स्वतः खेळा, बाई. मी सांगणार काहीच नाही. सांगितलं की गेम उरत नाही.”

रितेश तिच्या अंगावर ओरडला, “अगं, सांग ना काय असेल ते! धंदा आहे हा!”

तिने मान हलवली. नाही.

बाई म्हणाल्या, “मला ते बटणांचं जमणार नाही गं. काका सांगतात ते मला पटतं.” नकार.

जिंकलो, असे लिहायला हवे. येताना एसटीत शेजारी कोणी नव्हते. प्राप्ती रितेशच्या गाडीने गेली.

२८ जुलै

केसर बोलत नाही. जेवण वाढते. ताट आपटून.

१ ऑगस्ट

सरकारी बंदी काल संपली. पहाटेपासून काही होड्या बाहेर पडल्या. सकाळी धक्क्यावर गेलो. विनेशची होडी जागीच. तो जाळे पसरून बसला होता.

“सरकारने सोडले. तू नाही निघालास?”

“पुनव झाली का?” तो जाळ्यातून मान वर न करता म्हणाला. “सरकारनं सोरलं, ता सरकारचं. आमचं पुनवेला.”

मी सहज म्हणालो, होडी अशीच उभी, कुलूप नाही, पहारा नाही.

तो हसला. “बाबा, होरीला कुलूप कंदी लावलंय आपल्याकरं? तुमच्या बापानं लावलं व्हतं? कोन थांबवतंय कुनाला! आपुनच थांबतो.”

आणि मग, जाळ्याकडेच बघत — “प्राप्तीचा फोन आल्ता. तिची टीम मोरली. रितेशनं सगल्यांना घरी धारलं.”

मी धक्क्यावर उभा राहिलो. होडी पाण्यावर हलत होती. दोर ढिला होता. गाठ पोराच्या हातानेही सुटावी अशी.

अटकाव नाही म्हणजे अनुमती — हे माझे विधान. या धक्क्यावर ते खोटे आहे. इथे माझा जन्म गेला.

२ ऑगस्ट

दुपारी गेम पुन्हा लावला. पहिल्यापासून.

धक्का. आषाढाचे आभाळ. हाक. ‘गाठ सोडा’.

यंत्र मांडीवर ठेवले आणि हात बाजूला घेतले.

हाक वाढली. अक्षरे चमकू लागली, मोठी झाली, जणू ओरडू लागली. काही घडेना. मला वाटले, चूक माझीच झाली, इथे काही नाही. हात उचलला. परत ठेवला. घाम आला होता, हे लिहायला संकोच नाही.

अक्षरे हळूहळू फिकी झाली आणि गेली.

पडद्यावर नऊ चौकटी उमटल्या. गाठ. गाठीवर हात. बोटे. पुन्हा गाठ. सदाने हात काढून घेतला. मागून कुणीतरी हाक मारली — “अरे सद्या! दोर आन!”

३ ऑगस्ट

पूर्ण दिवस खेळलो. नोंद, जमेल तितक्या थंडपणे :

या वाटेवर बळाची पट्टी नाही. शिंपले नाहीत. सदा गावकऱ्यांबरोबर दोर ओढतो. सगळ्यांच्या ओढीला जुळवून बटण दाबावे लागते, पुढे घाई केली तर दोर निसटतो. फुटलेल्या होडीतली माणसे एकेक करून किनाऱ्याला येतात. दर वेळी गाव त्याच्याशी बोलतो, चेष्टा करतो, भांडतो. “अरे सद्या, हात हायत का बोंबील?” मी हसलो! माझ्या अहवालात हीच माणसे ‘कच्ची पात्ररचना’ आहेत.

ती तोंड फिरवत होती, कारण मी गाठ सोडली होती. रंग राखाडी होता, कारण मी गाठ सोडली होती. शेवटी धक्का रिकामा होता — तेच कारण. माझा एकेक दोष म्हणजे गेमने मला दिलेले उत्तर होते, आणि मी ते गेमच्या नावावर जमा केले.

मग पौर्णिमा. गाव धक्क्यावर. नारळ पाण्यात. आणि सदाच्या अंगावर निळा चढू लागला — गडद, छपाईतला, आणि उजवीकडे रेघेबाहेर जरासा सांडलेला.

तिने ती चूकसुद्धा आणली होती.

मी यंत्र बंद केले नाही. केसरला हाक मारली. ती आली, पदराला हात पुसत पडद्याकडे बघत राहिली. “ह्यो आपला नाखवा,” म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली.

४ ऑगस्ट

हेमांगीबाईंना फोन केला. सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, “काका, परवाच सही झाली हो. मुंबईची मोठी कंपनी आली होती. तुमच्या नकाराची त्यांना बातमी लागली म्हणे.”

“करार रद्द होत नाही का?”

“तुम्हीच कागद वाचा नं. मला वाटत नाही.” आणि पुढे, “त्यांचा नाखवा उडतो. आकाशात.”

करार मागवून वाचला. पक्का आहे. मी लिहिला असता तरी याहून पक्का झाला नसता.

प्राप्ती फोन उचलत नाही.

६ ऑगस्ट

तिने सांगितले का नाही? हा माझा शेवटचा बचाव होता. तोही टिकत नाही. सतराव्या अंकात सदाला ‘थांब’ असे कुणी सांगितले असते तर ते नऊ चौकटींचे पान कशाला लागले असते? तिला ते पान कळले होते. मी ते फक्त पुरावा म्हणून बाईंच्या पुढ्यात ठेवले.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

प्राप्ती आली आहे. आजीसाठी, असे म्हणाली. धक्क्यावर विनेशने नारळ सोडला, मग गाठ सोडली. ती माझ्या शेजारी उभी होती. माझ्याकडे वळली नाही.

कबुलीजबाब. हाच कागद उतरवून हेमांगीबाईंना, रितेशला आणि नाखव्याच्या सर्व वाचकांना पाठवीत आहे.

माझी प्रतिज्ञा खरी होती : मी खेळलो तो गेम मूळ कथेचे खंडनच होता. चूक एक. नियम मोडता येतो हे सिद्ध करण्यासाठी मी तो मोडला, आणि मोडणाऱ्याचे नाव पुराव्यातून वगळले. तेरा जुलैला मला एक सरळ प्रश्न विचारला गेला होता. त्याचे उत्तर उशिरा देतो.

होडी मी सोडली.

— तुळशीराम हिरामण चोगले